उकळूनही उरलेलं

आमची मावशी सलाइनच्या कारखान्यात बाटल्या धुवायची. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नसे. एकदा मात्र बाटल्या चांगल्या उकळूनही सलाइन घेतलेल्या रोग्यांना हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा ती भडकली. "मेलेले जंतू काय उठून चावतात?"

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "मावशी, जंतू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे उकळूनही उरतात. शरीरातल्या पहारेकरी पेशी ते आवरण जन्मापासून ओळखतात. आतला जिवंत आहे की मेलेला, हे त्या बघतच नाहीत. लगेच ताप चढवतात."

"अगदीच बिनडोक पहारेकरी!" घरी येऊन मावशी मला हसत हसत सांगत होती.

तिचा मारकुटा नवरा जाऊन कैक वर्षं झाली होती आणि माझं विचाराल तर बरंच झालं होतं. तेवढ्यात थंडी वाजते म्हणून ट्रंकेतला बापाचा जुना कोट अंगात घालून तिची लेक दारात येऊन उभी राहिली. कोट दिसताच मावशी भिंतीला चिकटली. दोन्ही हात तिने चेहऱ्यापुढे आडवे धरले.

"आई, अगं मी आहे!"

"दिसतंय गं मला," मावशी म्हणाली.

हात मात्र खाली येईनात.