चाकातले दोन किलो

बाळांनो, गाडीच्या दारावर हवेचा आकडा पौंडांत आणि पंपावर बारमध्ये, मग भरायची किती, असं तुम्ही फोनवर विचारलंत. साडेचौदा पौंड म्हणजे एक बार. पण हे मी कशी शिकले, तेही आठवण स्वच्छ आहे तोवर लिहून ठेवते.

श्रीवर्धनच्या दुकानांत तेव्हा शेर आणि पौंड जाऊन किलो येत होते. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोष्टक चिकटवलं होतं: एक किलो म्हणजे दोन पूर्णांक दोन पौंड. एका सकाळी माझ्या नणंदेला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय, माणगावच्या डॉक्टरांकडं न्या." टॅक्सी दारात आली, तर मागचं चाक बसलेलं, आणि जादा चाक आधीच पंक्चर. आमच्याकडे तुमच्या आजोबांनी मुंबईहून आणलेला पायपंप होता. त्याचा काटा किलोत होता आणि चाकाला हवी होती अठ्ठावीस पौंड हवा. मी धावत जाऊन कोष्टक पाहिलं, भागाकार केला.

"चाचा, पावणेतेरा किलो भरा."

म्हाताऱ्या ड्रायव्हरचाचांनी काट्याकडे पाहिलं. "भाभी, हा तर सातावरच संपतो. तेरा भरली तर चाकाआधी आपणच उडू."

"वहिनी, गणित पुरे!" नणंद आतून ओरडली. "नाहीतर मी इथंच बाळंत होते!"

चाचा पंप मारू लागले. मध्येच लाकडी हातोडीने चाकावर ठोकायचे, कान लावायचे. एकदा ठोकून म्हणाले, "झाली." काटा दोनाला टेकला होता.

सासूबाई आणि सुईण बसल्या, टॅक्सी गेली. मी कागद घेऊन बसले. पौंड होते एका चौरस इंचावरचे, किलो एका चौरस सेंटिमीटरवरचे. मी वजन बदललं, जागा बदललीच नव्हती! एका चौरस इंचात जवळजवळ साडेसहा चौरस सेंटिमीटर मावतात. पुन्हा भागलं: दोनाहून जरासं कमी. तुमचा बार म्हणजे जवळजवळ हाच किलो.

मी थक्क झाले. चाचांच्या कानाने कागदाशिवाय तेच उत्तर काढलं होतं. आणि ती भरलेली गाडी तळहाताएवढ्या चार ठिकाणी, नुसत्या हवेवर उभी राहून घाट चढत होती.

संध्याकाळी चाचा परतले. "मुलगी झाली, भाभी. आई बरी हाय."

चाचा आता नाहीत, नणंदही नाही. ती मुलगी, तुमची आत्या, पेणला राहते.