डाव्या हाताची सुकेळी

बर्थाची सुकेळी खाल्ली नाहीत असं घर गिरीज गावात सापडायचं नाही. राजेळी केळी पेंढ्यात पिकवायची, सोलायची, अंगणात चटईवर उन्हात मांडायची आणि सात-आठ दिवस त्यांच्यामागे बसायचं. वरची बाजू आवळली की उलटायची. घाई केली तर आत ओल राहते, विसरलं तर चामडं होतं. शेवटी केळीच्याच सुक्या पानात बांधली की पुडा तयार.

तिचा जॅक्सन कावळे हाकायला शेजारी बसून मोठा झाला. तिथेच तो न कंटाळता बसायला शिकला, आणि माणसं बघायलाही. गिऱ्हाईक आलं की बर्था त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

"तोंड शिकवलेलं असतं रे," म्हणायची. "हातांना कोण शिकवतो?"

पुढे जॅक्सन पोकरच्या स्पर्धा खेळून पोट भरायला लागला तेव्हा गावाने नाकं मुरडली. बर्थाने मुरडलं नाही. त्याचा खेळ तिच्या अंगणातलाच होता. तासन्‌तास पत्ते टाकून देत बसायचं, समोरच्यांचे हात न्याहाळायचे आणि कुणाची बोटं जरा थबकली की समजायचं, हा थाप मारतोय. मग आपल्या सगळ्या चिप्स, पैशांऐवजी लावायच्या त्या चकत्या, पुढे सारायच्या. दहा वर्षांत त्याचं नाव झालं. गोव्याच्या मोठ्या स्पर्धांत तो अंतिम फेरीच्या टेबलावर दिसू लागला. प्रत्येक वेळी निघताना आई सुकेळ्यांचा पुडा त्याच्या छातीला टेकवायची आणि "जा" एवढंच म्हणायची. खेळताना तो पुडा चिप्सच्या शेजारी असायचा.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. बर्था चटईवर वाकून केळी उलटत होती. डाव्या हाताने. जन्मभर उजव्या हाताची बाई. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा.

"आय, हाताला काय झालं?"

"झोपलाय. रात्री त्याच्यावरच निजले."

डाव्या हाताची बोटं केळ्याखाली जाता जाता थबकली. ही थाप आहे, हे जॅक्सनला तिथेच कळलं. पण इतकी मोठी स्पर्धा त्याच्या वाट्याला प्रथमच आली होती. तिने डाव्या हाताने पुडा छातीला टेकवला, "जा" म्हणाली, आणि तो गेला.

तो जिंकला. त्याचा खेळ मोडू नये म्हणून बहिणीने, डायनाने, तीन दिवस काही कळवलं नव्हतं. आईला त्याच दुपारी झटका आला होता. ती वाचली, पण वाचा गेली, उजवं अंग गेलं आणि चेहरा गोठल्यासारखा झाला. सकाळीच कुणी हाताकडे लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डायना रडत म्हणाली की आपण कुणी बघितलंच नाही रे. आपण बघितलं होतं, हे जॅक्सनने तिला सांगितलं नाही.

त्यानंतरही तो खेळत होता, पण हरू लागला. नशीब फिरलं असं त्याला वाटायचं. शेवटी बोळिंजच्या विघ्नेशने, त्याच्यासारख्याच एका खेळाडूने, चहा पिता पिता सांगितलं.

"भाई, वाईट वाटून घेऊ नको. तुझ्यासमोर कुणी डाव्या हाताने चिप्स सरकवल्या की तू चांगले पत्तेपण टाकून देतो. सगळ्या टेबलांना माहीत झालंय. मीच दोनदा लुटलाय तुला."

जॅक्सनने आपल्या हातांकडे पाहिलं. जगाचे हात वाचणाऱ्याला स्वतःचे दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात आईच्या खुर्चीपाशी बसला. डायना आता चटई तिच्यापुढच्या बाकावर मांडून द्यायची आणि बर्था एका हाताने होतील तेवढी केळी उलटायची.

"आय, त्या दिवशी मी तुझा हात बघितला होता," तो म्हणाला. "तू थाप मारतेस ते मला कळलं होतं. तरी गेलो."

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. एक केळं, दुसरं, तिसरं. ओळ संपल्यावर तिने बाकावरचा बांधलेला पुडा उचलला आणि त्याच्या छातीला टेकवला. ओठ हलले, शब्द आला नाही.

जा, खेळ जा, की जा माझ्यासमोरून? त्याने तोंडाकडे पाहिलं. ते तीन वर्षांपूर्वीच थांबलं होतं. त्याने हाताकडे पाहिलं. बोटं पुड्यावर स्थिर होती, एकही थरथरलं नाही. इतका बंद हात त्याने कुठल्याच टेबलावर पाहिला नव्हता.

तो गेला नाही. पुडा मांडीवर घेऊन तिथेच बसला. चटईच्या कडेला एका केळ्याची वरची बाजू आवळून आली होती. ते उलटायला त्याने हात पुढे केला आणि केळं उलटून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, पुढे गेलेला हात डावा होता.