हॉट प्रेसमधली पत्रं

आयर्लंडमधल्या ट्रिम गावच्या कोर्टात ज्या सोमवारी घरांच्या ताब्याची प्रकरणं लागतात, त्या सोमवारी स्नेहलता उमाळकर साडेनऊच्या आतच दारात हजर असते. कोर्ट साडेदहाला बसतं. डब्लिनजवळच्या ओंगारहून गाडीने यायला जेमतेम पाऊण तास लागतो, तरी ती लवकर निघते. लोक आत येताना त्यांचे चेहरे बघायला मिळावेत, एवढ्यासाठीच. कोट-टाय घालून आलेले बँकांचे वकील लगेच ओळखू येतात. ज्यांचं घर जायची वेळ आलीय ते मात्र दाराशी येऊन घुटमळतात, मोबाइल काढून उगाच बघत राहतात. कधीकधी तसेच परत फिरतात. त्या परत फिरण्याआधी त्यांना गाठणं, हीच तिची नोकरी.

गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड, पर्समध्ये चहाचा थर्मास. ती इथली वकील नाही, त्यामुळे कोर्टासमोर तिला बोलता येत नाही. हप्ते थकलेल्या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेने तिला कॉरिडॉरमध्ये उभं केलंय. आलेल्या माणसाला बाकावर बसवायचं, आत काय होणार ते साध्या भाषेत सांगायचं आणि त्या दिवसासाठी सरकारने नेमलेल्या वकिलाशी त्याची गाठ घालून द्यायची. ऐकायला काम किरकोळ वाटतं. पण यादीत सव्वीस नावं असली तर प्रत्यक्ष येतात आठ-नऊ जण, आणि जे येत नाहीत त्यांच्या बाजूने बोलणारं कोणीच नसतं.

नागपुरात मात्र ती सोळा वर्षं पक्की वकील होती, तीही दुसऱ्या बाजूची. एका सहकारी बँकेच्या पॅनेलवर होती. कर्ज बुडवणाऱ्याच्या घराचा ताबा घेताना नोटीस दारावर चिकटवायची, पंचनामा करायचा, फोटो काढायचे. एकदा मानेवाड्याकडच्या एका घरी ती शिपायाला घेऊन गेली होती. घरमालकाने वाद घातला नाही, रडारड केली नाही. इतकंच म्हणाला, "मॅडम, कागद जरा खाली लावा. वर पोरीच्या लग्नातले हळदीचे हात उमटवलेत." तिने शिपायाला कागद खाली लावायला सांगितला आणि फोटोही काढला. कायद्याने सगळं बरोबरच होतं. त्या रात्री ती जेवलीही नीट. पण पुढे कित्येक वर्षं कोणाच्याही दारात गेली की तिची नजर आधी चौकटीकडे जायची.

तिचा नवरा प्रताप भूलतज्ज्ञ. त्याला इथल्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून २०१३ साली ते आले. मुलगी रेवा तेव्हा आठ वर्षांची होती. इथे वकिली करायची तर परत परीक्षा, परत उमेदवारी. स्नेहलताने दोनदा पुस्तकं आणली आणि दोनदा परत केली. मग चार वर्षं घर, शाळेची ने-आण, गणपतीत मोदकांची ऑर्डर. एक दिवस वाचनालयात एका म्हाताऱ्या बाईने तिला एक सरकारी पत्र वाचून दाखवायला सांगितलं. चष्मा विसरला होता, असं बाई म्हणाल्या, पण तो त्यांच्या डोक्यावरच होता. पत्र फार भयंकर नव्हतं. बाईंनी मात्र ते तीन आठवडे पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं. पत्र न उघडणं हा एक आजार असतो आणि तो आपल्याला ओळखता येतो, हे स्नेहलताला त्या दिवशी कळलं. त्याच वर्षी तिने सल्लागाराचा कोर्स केला.

डेस फॅरेली तिला भेटला २०२३च्या फेब्रुवारीत. चोपन्न वर्षांचा, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. पहाटेची फेरी संपवून कामाच्या पिवळ्या जॅकेटातच आला होता. समोरच्या किल्ल्याच्या भिंतीला टेकून तो बराच वेळ कोर्टाकडे बघत उभा होता. मग रस्ता ओलांडून दारापर्यंत आला आणि थेट तिलाच विचारलं, "किल्ल्या कुठे द्यायच्या?"

"कसल्या किल्ल्या?"

त्याने खिशातून जुडगा काढला. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, शेडची. प्रत्येकीला रंगीत टेप लावलेली. "आज घर घेणार ना? म्हटलं आपणच द्याव्यात. घरी कोणी यायला नको. सासूबाई आहेत घरात."

"त्या खिशात ठेवा," स्नेहलता म्हणाली. "आज इथे किल्ल्या कोणी मागत नाही. बसा. चहा घ्याल?"

बाकावर बसून त्याने जे सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. बायको मेरी २०१६ साली आजारी पडली. त्याने टँकरच्या फेऱ्या कमी केल्या आणि हप्ते चुकायला लागले. पुढच्या वर्षी ती गेली. २०१८ साली तो एका तज्ज्ञाकडे गेला होता. कर्जदाराला दिवाळखोर न करता फेडीची नवी मांडणी करून देणारी ही सरकारमान्य माणसं असतात. त्या तज्ज्ञाने हात टेकले. बँकेने नकार दिला तरी न्यायाधीशाला तो नकार बाजूला सारता येतो, असा कायदा २०१५ साली झाला होता खरा, पण तो होता जानेवारी २०१५च्या आधीपासून ज्यांचे हप्ते थकले होते त्यांच्यासाठी. डेसचे थकले त्यानंतर. "म्हणजे मेरी दोन वर्षं आधी आजारी पडायला हवी होती," तो म्हणाला. तो चिडलेला नव्हता. बरेच दिवस स्वतःशीच बोललेलं वाक्य असावं, तसं ते बाहेर आलं. पुढे कर्ज बँकेने थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या एका गुंतवणूक फंडाला विकलं. तेव्हापासून आलेली पत्रं त्याने उघडली नव्हती.

स्नेहलताने चहाचा कप खाली ठेवला. "डेस, ती तारखेची अट आता नाही. २०२१ साली काढून टाकली."

"कोणी सांगितलं?"

"कायद्यातच आहे. बहुतेक फंडाने तुम्हाला पत्रातही काहीतरी कळवलं असेल."

तो बाकावर मागे टेकला. मग म्हणाला, "मी पत्रं फेकतो."

आत त्याचं नाव पुकारलं तेव्हा नेमलेला वकील त्याच्या शेजारी उभा राहिला. फेडीची नवी मांडणी करायचा प्रयत्न करतोय, वेळ हवा, एवढंच बोलला. ही प्रकरणं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे काउंटी रजिस्ट्रारने, चष्म्यावरून डेसकडे बघितलं, तो स्वतः आलाय हे टिपून घेतलं आणि जूनची तारीख दिली. सगळं मिळून चार मिनिटं. बाहेर आल्यावर डेसने विचारलं, "एवढंच?" त्याच्या हाताला घाम आला होता. तो त्याने जॅकेटला पुसला आणि मगच तिच्याशी हस्तांदोलन केलं.

अडचण होती ती कागदांची. नवीन मांडणी मागायची तर आपण कर्ज देणाऱ्याशी सहकार्य केलं होतं, फॉर्म भरले होते, बोललो होतो, हे दाखवावं लागतं. डेसने २०१७ आणि २०१८ साली दोनदा फॉर्म भरले होते, पण पुरावा काहीच नव्हता. जुनी फाइल सापडत नाही, असं कर्ज विकणाऱ्या बँकेने कळवलं. म्हणून पुढच्या गुरुवारी स्नेहलता स्वतः अथबॉय गावाजवळच्या त्याच्या घरी गेली. सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं डेसने फोनवर बजावलं होतं. "त्या शहाऐंशीच्या आहेत. एक मुलगी गेलीय त्यांची. घराचंही कळलं तर खचतील."

नोरा, म्हणजे त्याच्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, केस नीट विंचरलेले, अंगात जावयाचा जुना स्वेटर. स्नेहलताने ठरल्याप्रमाणे सांगितलं की ती विम्याच्या कामासाठी आलीय. नोराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, स्वयंपाकघरात बसवलं, बशीत स्कोन, म्हणजे इथला छोटा गोडसर पाव, पुढे ठेवला आणि डेस शेडमध्ये काहीतरी शोधायला गेल्यावर म्हणाल्या, "पत्रं हवी असतील तर हॉट प्रेसमध्ये आहेत."

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याची टाकी असते ते कपाट म्हणजे हॉट प्रेस. टाकीच्या उबेला टॉवेल, चादरी ठेवतात. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारणीने ओला स्वेटर हॉट प्रेसमध्ये टाक म्हणून सांगितलं, तेव्हा स्नेहलताने इस्त्री तापवली होती. आता ती मुकाट्याने नोराबाईंच्या मागे जिन्यावर चढली.

उशांच्या अभ्र्यांच्या खाली सहा गठ्ठे होते. प्रत्येकाला इलॅस्टिक, प्रत्येकावर वर्ष. काही पाकिटं फाडलेली, बरीचशी तशीच बंद. कचऱ्याच्या डब्यातून काढून पुसलेली दिसत होती, एकावर चहाचा डाग होता. सगळी उबदार लागत होती, नुकतीच कोणाच्या हातातून घेतल्यासारखी.

"तुम्हाला सगळं माहीत होतं?" स्नेहलताने विचारलं.

"तो मंगळवारी डबा बाहेर ठेवतो," नोराबाई म्हणाल्या. "मी सोमवारी बघते. उघडली नाहीत, त्याच्या नावाची आहेत. पण नाव मोठ्या अक्षरात असलं की कागद टाकायचा नसतो, एवढं मला कळतं."

"त्यांना का नाही सांगितलंत?"

"त्याला वाटतं मला माहीत नाही. तेवढाच त्याला आधार."

डेस जिन्याखाली येऊन उभा होता. किती ऐकलं कोण जाणे. स्नेहलता गठ्ठे घेऊन उतरली तेव्हा त्याने सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी त्याच्याकडे. "नोरा," तो म्हणाला. "स्कोन खा," त्या म्हणाल्या. तिघं टेबलाशी बसली आणि दुपारी चारपर्यंत एकेक पाकीट उघडत राहिली. डेस सुरीने फाडायचा, स्नेहलता वाचायची, नोराबाई तारखेप्रमाणे लावायच्या. पहिल्या पाच-सहा पाकिटांना डेसचा हात अडखळला. मग सुरी सरळ चालायला लागली. २०१७च्या गठ्ठ्यात बँकेचं पत्र मिळालं: आपला भरलेला फॉर्म पोचला. २०१८च्या गठ्ठ्यात दुसरं, आणि त्याच्या खाली नकाराचंही. स्नेहलताने ती तीन पत्रं वेगळी काढली आणि कोणी हात लावू नये म्हणून चक्क पर्समध्ये टाकली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने घरी हे सांगितलं, नावं गाळून. रेवा म्हणाली, "मम, दॅट ग्रॅनी इज अ लेजेंड." प्रतापने विचारलं, "मग आता घर वाचणार का?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण आता निदान भांडता येईल."

भांडण वर्षभर चाललं. या वेळी तज्ज्ञाने मांडणी तयार केली: व्याज कमी, मुदत डेसच्या सत्तरीपर्यंत आणि घराच्या आजच्या किमतीच्या वरचं कर्ज सोडून द्यायचं. फंडाने अपेक्षेप्रमाणे नकार दिला. मग प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं. फंडाच्या वकिलीणबाई हुशार होत्या. या गृहस्थाने चार वर्षं एका पत्राला उत्तर दिलेलं नाही, असं त्यांनी तारखांसकट दाखवलं, आणि ते खरंही होतं. डेसच्या बाजूने ती तीन पत्रं पुढे आली. माणूस आधी दोनदा दार ठोठावून गेला होता, ट्रिमला आल्यापासून एकही तारीख चुकवलेली नाही, ठरलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला भरतोय. न्यायाधीश बाईंनी बराच वेळ वाचलं. घर लिलावात काढून फंडाला जे मिळालं असतं त्यापेक्षा या मांडणीत जास्तच मिळतंय, आणि घरात दोन माणसं राहतात, असं म्हणत त्यांनी फंडाचा नकार बाजूला सारून मांडणी मंजूर केली. २०२४चा मे महिना होता. मागच्या बाकावर बसलेल्या स्नेहलताला बोलायचा अधिकार नव्हता आणि बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं. तिने फक्त क्लिपबोर्डवर तारीख लिहिली.

बाहेर डेसला काय करावं कळेना. त्याने आधी कामावर फोन करून दुपारची फेरी आपणच करतो म्हणून सांगितलं. मग घरी फोन लावला. पलीकडून नोराबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्याने तीनदा "हो" म्हटलं आणि चौथ्यांदा "हो, बटाटे घेऊन येतो" म्हणाला. फोन ठेवून तो स्नेहलताकडे वळला. "त्या म्हणतात, तुम्ही विम्याच्या बाई असाल तर त्या बिशप आहेत. रविवारी जेवायला बोलावलंय. नवऱ्यालाही."

ते गेलेही. प्रताप आणि डेस दूध किती अंशांवर साठवावं यावर तासभर बोलत बसले.

त्या शरद ऋतूत संस्थेच्या प्रमुखाने स्नेहलताला डब्लिनच्या ऑफिसात बोलावून घेतलं. वरची जागा रिकामी झाली होती. नवीन सल्लागारांना शिकवायचं, अहवाल लिहायचे, पगार जास्त. येण्याजाण्याचा त्रास नाही, घराजवळच्या क्लोन्सिलाहून थेट ट्रेन. तिने एक आठवडा मागून घेतला. स्वयंपाकघरात भाजी निवडताना प्रतापला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घे की. पन्नाशी आली, किती दिवस उभी राहणार कॉरिडॉरमध्ये?"

"शिकवायला आवडेल मला."

"मग?"

"सोमवार मात्र मी सोडणार नाही. चार दिवस शिकवते, ट्रिमची यादी लागेल तो सोमवार माझा. तसं जमत असेल तर हो."

प्रताप हसला. "तू नागपूरच्या कोर्टातही एवढी हौसेने गेली नव्हतीस."

"नव्हतेच," ती म्हणाली आणि निवडलेली मेथी पाण्यात टाकली.

संस्थेने ते मान्य केलं. आता आठवड्यातले चार दिवस ती नवीन मुलामुलींना वेगवेगळ्या वर्षांचे कायदे, अर्ज, तारखा शिकवते. अभ्यासक्रमात नसलेलंही एक सांगते. माणसाला भेटल्याबरोबर थकलेल्या रकमेबद्दल विचारायचं नाही, घरात कोण कोण आहे ते आधी विचारायचं. मागच्या यादीच्या दिवशी चोवीस नावं होती. चौदा जण आले. ट्रिमला एवढे लोक तिने याआधी कधी पाहिले नव्हते. बाक पुरले नाहीत, थर्मासमधला चहा सव्वादहालाच संपला, आणि तिने ओळखीच्या शिपायाला पाठवून समोरच्या कॅफेतून आणखी मागवला.