ओनेझीम बेकेची होडी

नाव: ओनेझीम बेके. वय: चोपन्न. धंदा: होड्या बांधणे. वास्तव्य: सेन नदीचा काठ, पुलाशेजारची लाकडी शेड. नौकाविहार मंडळाच्या १८७५ सालच्या नोंदवहीतला शेरा: सदर इसमाचा नदीशी संबंध केवळ मजुरीपुरता असल्याने तो 'हौशी' या व्याख्येत बसत नाही. सबब शर्यतीस अपात्र.

मंडळाच्या बावीस होड्यांपैकी सतरा या अपात्र इसमानेच बांधल्या होत्या. अठरावी त्याची स्वतःची. तिला त्याने गेलेल्या बायकोचं नाव दिलं होतं, फिलोमेन. सप्टेंबरच्या शर्यतीत एकदा, फक्त एकदा, सुकाणूवर आपण बसून तिला वळणाच्या खुणेच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालून आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

चित्रकार वोझेल शिडांवर जीव टाकायचा. त्यासाठी पॅरिस सोडून तो इथे राहायला आला होता आणि दिवसभर बेकेच्या धक्क्यावर बसून पाण्यातली शिडांची थरथर रंगवायचा. तोड त्यानेच काढली.

"होडी कागदोपत्री माझी करा. मी सभासद. सुकाणूवर तुम्ही, माझे पाहुणे म्हणून. पाहुण्याला धंदा कोण विचारतो?"

"आणि विचारला तर, मस्यो?"

"तर मी आहे ना!"

बेकेने सही केली. शर्यतीच्या सकाळी काठावर धुणं बडवणारी ओडिल ओरडली, "काय हो बेके, नवा कोट? परत लग्नाला उभे राहताय की काय?"

"त्याच बायकोशी," बेके म्हणाला.

होडी सुटायच्या आधी मंडळाचे अध्यक्ष वही घेऊन धक्क्यावर आले. "वोझेल, तुमच्या सुकाणूवर कोण?"

'माझे मित्र' एवढं पुरलं असतं. पण वोझेलचं प्रेम उतू गेलं. बेकेचा हात धरून उंच उचलत तो म्हणाला, "ओळखलं नाहीत? अहो, ही होडी बांधणारा हात हा! सबंध नदीवर असा कारागीर नाही. तुमची होडीसुद्धा यांचीच!"

अध्यक्षांनी आदराने टोपीला हात लावला आणि नियम वाचून दाखवला.

"चुकलंच माझं," वोझेल पुटपुटला. "उतरा, बेके. पण वारा काय सुरेख सुटलाय बघा! वाया कशाला घालवायचा?"

कागदोपत्री होडी त्याचीच होती. वोझेल ती घेऊन गेला, आणि शर्यतीत तिसरा आला.

त्या हिवाळ्यात त्याने शर्यतीचं चित्र पुरं केलं. शिडं, झेंडे, काठावरच्या छत्र्या. समोर उभं राहिलं तर अंगाला ओल लागावी असं पाणी. धक्क्यावर एक तपकिरी फटकारा.

"हे तुम्ही," वोझेलने कौतुकाने दाखवलं.

बेकेने चष्मा चढवला. "आणि सुकाणूवर?"

"मी."

"शीड फार ताणलंय," बेके म्हणाला आणि कामाला लागला.

मंडळाच्या वहीत 'फिलोमेन' वोझेलच्याच नावे राहिली. ती बेकेने सहा वर्षांच्या रविवारांत बांधली होती. रविवारची मजुरी त्याला कोणी दिलेली नव्हती.