फोटोवाल्याची चौकशी

ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही. देवगड किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यात एक शिक्षक तक्रार घेऊन आले. मुलीच्या साखरपुड्यातल्या फोटोंतून तिचा चेहरा कापून कुणीतरी घाणेरड्या वेबसाइटवर चिकटवला होता. दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने सांगितलं, "सायेब, ते फोटो अजून कोणाक दिलेले नाय. फोटोवाल्याच्याच कॉम्प्युटरात आसत."

मग आणखी काय हवं? मिठबावपासून जामसंड्यापर्यंत लग्न कुठलंही असो, कॅमेरा याचाच. कॉम्प्युटर पंचनामा करून जप्त केला. तीन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवलं. सराईत माणूस जबाब बदलतो. हा एकच धरून बसला. "माका कायएक म्हायत नाय, सायेब. देवळात कौल लावा, देव सांगात तां माका मान्य."

मी खेकसलो, "इथे कौल नाही, पुरावा चालतो." पुरावा कसला डोंबलाचा, नुसता संशय. तेवढ्यावर मी गावात बोलून बसलो, माणूस सापडला म्हणून.

कॉम्प्युटर तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मला समोर बसवून समजावलं. चाकरमानी नाना तऱ्हेचे व्हिडिओ आणत, म्हणून याने सगळं चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर ठेवलं होतं. त्याच्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात, खोट होती. ईमेलने आलेला एक व्हिडिओ याने उघडला आणि त्या खोटीतून चोर आत शिरून फोटो घेऊन गेला. त्या सॉफ्टवेअरचा कोड जगाला खुला. बनवणाऱ्यांनी खोट जाहीर करून दुरुस्तीही केव्हाच दिली होती. जाहीर झालेली खोट चोरांनी वाचली, दुरुस्ती मात्र याने घेतली नाही.

"का रे?" मी विचारलं.

"सायेब, सीझनात चालत्या मशीनीक कोण हात लावता?"

होडीच्या इंजिनालाही आमच्याकडे हाच नियम.

चोराचा माग परदेशात जाऊन संपला. फोटोवाला निर्दोष असल्याचा अहवाल मी स्वतः लिहिला, सरपंचांसमोर वाचला. लोकांनी माना हलवल्या आणि पुढच्या लग्नसराईत त्याला एकानेही बोलावलं नाही. मी लोकांना मनातून शिव्या घालत होतो.

त्याच लग्नसराईत माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तो घरी आला, दारातच उभा राहिला. "सायेब, चेडवाच्या लग्नाचे फोटो मी काढतंय. चलात ना?"

मी "बघू" म्हणालो आणि कुडाळहून दुसरा फोटोवाला बोलावला. महिन्याभरात आमच्या फोटोवाल्याने कॅमेरा विकला आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. तो निर्दोष आहे हे सरकारी कागदावर लिहिणारा मीच होतो. मलाच ते पटलं नव्हतं.