पंधरवड्यातलं बंद फाटक

मानसीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली, आणि जरा थांबून, "पहाटेच गेली गं. धारा काढून घेतल्या, मग फोन करायला बसले." दुसऱ्या कुणाच्या घरचं असं ऐकलं असतं तर मला विचित्र वाटलं असतं. सुलभाच्या घरचं नाही वाटलं. आत आई निजलेली आणि लेक बाहेर गोठ्यात बादली घेऊन बसलेली... आपल्यासाठी गायी ताटकळत ठेवल्या असत्या तर ही बाई उठून बसली असती, असं मनात आलं आणि रडता रडता मला हसू फुटलं.

आम्ही दोघी बी.एस्सी.ला एका वर्गात, आणि पुढे घाटकोपरच्या एका खासगी डेअरीच्या प्रयोगशाळेत शेजारी शेजारी. दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे, फॅट किती, पाणी घातलंय का, पावडर मिसळलीय का. मग तिचं प्रकाशशी लग्न झालं. त्यांचं घर मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, आणि घरामागे सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, गायींचा गोठा. कोकणातून मुंबईत आलेल्या आप्पांनी नोकरी करता करता एकेक गाय जमवलेली. प्रकाशला त्यात रस नव्हता, सासूबाईंचे गुडघे गेले, आणि एके दिवशी सुलभाने डेअरीत राजीनामा दिला. ऑफिसात सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. शिकून सवरून शेण काढणार का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, न शिकलेल्यांना त्याचा वास कमी येतो का. मी नोकरीत राहिले. तिच्या गोठ्यातली दुधाची बाटली अधूनमधून माझ्याकडे तपासायला येत राहिली.

पाऊस सरला की तिच्या कपाळावर आठ्या यायच्या. सगळ्यांना वाटतं, हिरवंगार गवत आहे, गायींची चंगळ. पण पावसाळ्यानंतरच्या त्या गवतात पाणीच फार. नुसत्या त्यावर ठेवलं की दूध बादलीभर दिसतं आणि साय धरत नाही. वर ऑक्टोबरचं ऊन. उकाड्याने गायी खात नाहीत, सरकीची पेंड नेमकी तेव्हाच महागते, आणि गिऱ्हाइकांना कोजागिरी, दसरा, दिवाळीसाठी दाट दूध हवं असतं. म्हणून ती सकाळी आधी कोरडा कडबा घालायची आणि तो खाऊन झाल्यावरच हिरवं. कडबा विकत आणायचा, गवत त्या मानाने स्वस्त. आप्पा कुरकुरायचे, सुलभा ऐकायची नाही. इथवरची भांडणं घरातली होती.

पंधरवड्याचं भांडण मात्र गावाशी झालं. पितृपक्षात पितरांच्या नावाने गाईला पान द्यायचं, आणि आजूबाजूच्या इमारतींना गाय म्हणजे आप्पांचीच. सकाळपासून रांग लागायची. भात, पुऱ्या, वडे, खीर. आप्पा फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्याची विचारपूस करायचे. त्यात त्यांचा मान होता, आणि त्या दिवसांत चाऱ्याचा खर्चही कमी व्हायचा, हे ते उघड बोलून दाखवायचे. सुलभा पहिल्यापासून सांगत होती की एवढं शिजवलेलं अन्न गाईच्या पोटात आंबतं. एका वर्षी सर्वपित्रीला चांदणी नावाची गाय फाटकाजवळ बांधलेली होती. सगळ्यांची पानं तिच्याच पुढ्यात आली. संध्याकाळी तिने रवंथ करणं सोडलं. पोटाची डावी बाजू टरारली, ती दात खात बसली, मग आडवी झाली. डॉक्टर आले, नळी घातली, औषधं दिली. चांदणीने दुसरी सकाळ पाहिली नाही. तिची कालवड गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला हंबरत होती.

मी भेटायला गेले तर सुलभा गोठा धूत होती. रडलेली दिसत नव्हती. पुढच्या वर्षी फाटक उघडणार नाही, एवढं बोलली आणि झाडू मारत राहिली.

आणि खरंच उघडलं नाही. पंधरवडा लागला त्या दिवशी आतून कडी लावली आणि फाटकापाशी कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या. गाईला घालायचंच असेल तर यातली पेंढी घ्या, पैसे नकोत, पण ताट परत न्या. लोक चिडले. कुणी म्हणालं, शिकलेल्या बायका अशाच. कुणी सोसायटीतर्फे तक्रार करायची धमकी दिली. एका वयस्क गृहस्थांनी तर ताट फाटकावरून आत सरकवायचा प्रयत्न केला. सुलभाने ते अलगद धरून त्यांच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण अख्ख्या मुलुंडचे पितर माझ्या एका गाईच्या पोटात मावणार नाहीत."

आप्पा तिच्यामागे उभे होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "पितरांच्या तोंडचो घास काढतंस तू." तिने कडी काढली नाही. पंधरवडाभर आप्पा तिच्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर गिऱ्हाइकं तुटली. अशा घरचं दूध देवाला नको, असं म्हणत कितीतरी घरांनी रतीब बंद केला. रोज दूध उरायचं, ती पनीर करायची, ओळखीपाळखीत द्यायची. मला वाटलं होतं, निदान दूध तरी सुधारलं असेल. दसऱ्याच्या आधी तिची बाटली आली, मी तपासली, फॅट जेमतेम सुधारलेलं. फोनवर सांगताना मलाच अवघड झालं. ती म्हणाली, "मग उन्हाचं काहीतरी करायला हवं. पंखे लावते." घरात दोन खोल्यांत मिळून एक पंखा असताना तिने गोठ्यात पंखे बसवले, छपरावर जुनी गोणपाटं टाकून ती ओली ठेवायला सुरुवात केली. त्याच दिवसांत एका मिठाईवाल्याने सुचवलं की थोडी पावडर मारा, सगळेच मारतात, कोजागिरीला मी सगळं दूध उचलतो. दूध उरत असताना ही गोष्ट सोपी नव्हती. तिने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. उरलेल्या गिऱ्हाइकांना ती स्वतःच सांगायची, सध्या साय कमी धरेल, पटत असेल तर घ्या. काहींना पटलं. काही परत आले, बरेचसे आलेच नाहीत. दोन गायी विकाव्या लागल्या. गोठा लहान झाला, पण चालू राहिला.

आप्पा गेले तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. आता स्वतःच्या सासऱ्यांचं पान आहे, आता काय करते बघू... पंधरवड्यात तिथीला तिने त्यांच्या आवडीचं सगळं रांधलं, काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, खीर. सोसायटीच्या सफाई कामगारांना आणि आम्हा सगळ्यांना पोटभर वाढलं. गाईचं पान काढलं नाही. आप्पांच्या चुलतभावाने ताटावरून उठून चप्पल घातली. जाताना म्हणाले, म्हाताऱ्याला ती उपाशी ठेवतेय. सुलभा दारापर्यंत गेली, नमस्कार केला, आणि आत येऊन वाढायला लागली. आप्पांना तिचं म्हणणं शेवटपर्यंत पटलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. त्या दुपारी भांडी घासताना एकदाच म्हणाली, "पटलं असतं तर मला सोपं गेलं असतं गं मीना."

ती गेली श्रावणाच्या शेवटी. तिच्या बाराव्याला नातेवाईक जमले तेव्हा कुणीतरी मानसीला समजावलं, की आता आईच्या आत्म्यासाठी तरी यंदा फाटक उघड, लोकांशी गोडीने घे. मानसीने ऐकून घेतलं. पंधरवडा लागला तशी लोकांची ताटं आलीच, या वेळी बरीच जास्त, कारण गोठ्याची मालकीण बदलली होती ना. पोरगी दारात उभी राहून प्रत्येकाला हात जोडत होती, ताटं परत करत होती. एका बाईंनी मायेने विचारलं, अगं, तुझ्या आईच्या नावाने आणलंय, तेही नको? "आईच्या नावाने असेल तर मुळीच नको," मानसी म्हणाली.

आता दसरा तोंडावर आलाय. परवा दुपारी मी मुलुंडला गेले होते. घरात कुणी नव्हतं म्हणून गोठ्यात गेले. दुपारच्या वेळी सुलभा तिथे पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसून असायची. फोन घ्यायची नाही, बोलायची नाही, नुसती गायींची तोंडं बघायची. कोण रवंथ करतेय, कोण नाही, कुणाचा जबडा मध्येच थांबतोय. मी आले तरी हातानेच 'बस' म्हणायची. आता त्या घमेल्यावर मानसी बसली होती. मला पाहून तिने हातानेच खूण केली. मी खाली पोत्यावर बसले. पंखे घरघरत होते, गायी डोळे अर्धवट मिटून संथपणे चघळत होत्या. एक तांबूस गाय थांबली होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तिच्या गळ्यातून घास वर सरकला आणि जबडा हलायला लागला. मानसीने श्वास सोडला. बाहेर फाटकाशी कुणीतरी तिला हाक मारत होतं, मग कडी वाजली, पुन्हा वाजली. ती जागची हलली नाही.