तेहतीस माणसं आणि एक खुर्ची

यादीताईंना कार्यालयात कुणी खऱ्या नावाने हाक मारली असेल तर ती पहिल्या आठवड्यातच. कार्यालयातली प्रत्येक यादी त्यांच्या हातची, म्हणून पुढची एकतीस वर्षं त्या यादीताईच. नवं काही बनवू पाहणाऱ्यांना सरकारी निधी देणारं ते कार्यालय. कुणाचं काम कुठवर आलं, कुणाचं कुठे अडलं, हे संगणकाच्या आधी ताईंना ठाऊक असायचं. हात थरथरणाऱ्यांसाठी चमचा बनवणारे एक निवृत्त फिटरकाका तर दर मंगळवारी फोन करायचे.

"ताई, अजून सांडतंय हो."

"मागच्या वेळेपेक्षा कमी ना? मग झालं तर!" काका पुन्हा कामाला लागायचे.

आणि एक दिवस वरून हुकूम आला: हे कार्यालय आता सरकारचं राहणार नाही, स्वतंत्र धर्मादाय संस्था होणार. विश्वस्त येणार, जागा बदलणार, देणग्या मागाव्या लागणार. सात महिने नुसत्या बैठकांवर बैठका. साहेबांचे उरलेसुरले काळे केसही पांढरे झाले. ताई पार शिणून गेल्या होत्या, पण त्यांचं मागणं एवढंसंच होतं. "दोन वर्षं उरलीत माझी. ती याच माणसांबरोबर काढू द्या. मग पाटीवर काय लिहायचं ते लिहा."

संस्थेकडे काय काय जाणार याची यादी अर्थातच ताईंच्याच गळ्यात पडली. खुर्च्या, कपाटं, चालू कामांच्या एकोणीस फायली आणि शेवटच्या पानावर माणसं. तीन आठवडे त्या वस्तूवस्तूला क्रमांक चिकटवत फिरल्या, बंद पडलेल्या घड्याळालासुद्धा. शेवटी नेहमीसारखं खाली लिहिलं, 'यादी करणारी', आणि सही केली. साहेबांनी न वाचताच सही ठोकली. ताईंची यादी तपासायची कुणी आणि कशाला? वरच्या सरकारी खात्याने शिक्का मारला.

हस्तांतराला चार दिवस उरले असताना संस्थेची ओळखपत्रं आली. तेहतीस. कार्यालयात माणसं चौतीस.

ताईंनी शेवटचं पान काढलं. शिपाई होता, ड्रायव्हर होता, अर्धा दिवस झाडायला येणारी मावशी होती. ताई नव्हत्या. यादी करणारा यादीच्या खाली असतो, आत नसतो. एकतीस वर्षांची सवय, हात आपला तसाच चालला. आता काय म्हणावं या बाईला! कपाळावर हात मारून घ्यावा की तिच्या गळ्यात पडून रडावं, तेच कळत नाही.

"अहो ताई, असं कसं केलंत?" साहेब ओरडले आणि मग स्वतःच फोन करत बसले. संस्था म्हणाली, यादीत नाव नाही, खात्याकडून दुरुस्ती आणा. खातं म्हणालं, मंजूर यादीला आता हात लावता येत नाही, बाईंना जन्म-मृत्यू नोंदणीत जागा देतो. पगार तोच, पेन्शनही शाबूत. म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "यात नवीन काय गं? जेवायला बसताना तू चारच ताटं मांडतेस. मी, मुलगा, सून, नात. पाचवं मीच उठून आणतो."

ताई हसल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि बराच वेळ थांबल्याच नाहीत.

शेवटचा दिवस नेमका मंगळवारचा. हमाल ताईंची यादी हातात घेऊन एकेक वस्तूवर खूण करत होते. घड्याळ गेलं, कपाटं गेली. "ताई, जरा उठता का? दोनशे बारा नंबर राहिलाय." ताई उठल्या. ती खुर्चीसुद्धा यादीत त्यांनीच लिहिली होती. फोन तेवढा भिंतीजवळ जमिनीवर उरला होता, तो वाजला. ताईंनी कसंबसं खाली बसून उचलला.

"ताई!" फिटरकाकांचा आवाज चिरकत होता. "आज थेंबसुद्धा सांडला नाही. बायकोने स्वतःच्या हाताने खाल्लं. मी दाखवायला आणतोय चमचा. तुम्ही नव्या जागी असणार ना?"

ताईंनी दाराकडे पाहिलं. दोनशे बारा नंबर उलटा होऊन हमालाच्या डोक्यावरून जिना उतरत होता.

"या ना काका," त्या म्हणाल्या, "माझी खुर्ची आत्ताच तिकडे गेलीय."